उजवीकडची जवारी

आईनी माझा व्हॉल्व्हचा अँप (ॲम्प्लिफायर) पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यातून गाणं येतच नव्हतं. नुसती घुंऽऽ अशी गुणगुण येत होती. व्हॉल्व्ह सगळे तापलेले, भिंतीवर केशरी उजेड पडलेला, आणि मी खाली मान घालून मीटरचे प्रोब शोधत होते. आई आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत लावत आली, दारात उभी राहिली, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "पांढरी पाचच्या किंचित वर लागलाय गं हा."

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि थक्क झाले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पेटीची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, सप्तकं उतरत उतरत खाली नेली तर ती ४९ हर्ट्झला येते, त्याच्या वरच्या सप्तकात ९८. म्हणजे ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण ही खरंच पांढरी पाचच्या किंचित वर. मी विचारलं, आई, हा अगदी खालचा आहे का त्याच्या वरच्या सप्तकातला? तिनी डोळे मिटले आणि म्हणाली, वरच्या सप्तकातला, आणि जरा चरचरीत आहे, गोल नाहीये. झालं, माझं अर्धं काम तिनी तिथेच केलं. कारण ५० ची गुणगुण असेल तर दोष फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरींचा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा, आणि १०० ची चरचरीत असेल तर एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे फिल्टर किंवा अर्थिंगचा. लहरी पडद्यावर दाखवणारा स्कोप नव्हता माझ्याकडे. आई होती.

तर हा सगळा उद्योग का सुरू केला ते आधी सांगते.

आईनी घरी पस्तीस वर्षं गाणं शिकवलं. आधी पुण्यात नारायण पेठेत, नंतर कर्वेनगरला. तिचा तंबोरा मिरजेचा आहे, लग्नात आजोबांनी दिलेला, भोपळ्यावर एक बारीक चीर आहे ती आम्हा भावंडांची कृपा. आता तिची बोटं वळत नाहीत. संधिवात. तंबोरा मांडीवर घेता येत नाही, खुंटी पिळता येत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी आणून दिली, मोबाईलवर ॲप घालून दिलं, छोटा ब्लूटूथ स्पीकर दिला. ती लावायची दोन मिनिटं आणि बंद करायची. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "यात खर्ज नाहीये गं. तीनच तारा वाजतात."

आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. पुरुषी तंबोरा काळी एकला लावला तर जोडी, म्हणजे मधल्या दोन तारा, १३८ हर्ट्झच्या आसपास, आणि खर्ज, म्हणजे चौथी तार, त्याच्या निम्मा, ६९. मुठीएवढा स्पीकर ६९ हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तो फक्त खर्जाच्या तारेचे वरचे स्वर वाजवतो आणि बाकीचं आपला कान भरून काढतो. आईचा कान भरून काढायला तयार नव्हता.

आता खर्ज हवा तर मोठा स्पीकर आणि कुठलाही बरा अँप चालला असता, हे मला मान्य आहे. व्हॉल्व्हच कशाला? त्याचं उत्तर माळ्यावर होतं. आजोबांचा रेडिओ. लाकडी कॅबिनेट, पुढे विणलेलं कापड, ट्यूनिंगचा हिरवा डोळा. आई लहानपणी त्याच्यासमोर बसून गाणं शिकली असं ती नेहमी सांगते. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ ला सुरू झालं, घरात रेडिओ आला त्यानंतर काही वर्षांनी, आणि सकाळच्या सभेतलं शास्त्रीय गाणं ती त्या कापडाला कान लावून ऐकायची. तिच्या डोक्यात तंबोऱ्याचा रेडिओवरचा आवाज म्हणजे तो आवाज. मी मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलं तर आत धूळ, कोळ्याची जाळी, आणि आउटपुटला ईएल८४ नावाचा एक व्हॉल्व्ह, काचेवर बीईएलची पुसट खूण. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनी फिलिप्सबरोबर हे रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ पासून बनवायला घेतले. (आपल्या पाषाणलाही बीईएल आहे, ते १९७९ ला सुरू झालं ते अंधारात बघायच्या इमेज कन्व्हर्टर ट्यूबसाठी, म्हणजे तीही एका अर्थानी निर्वात काचेचीच विद्या. त्या रस्त्यानी जाताना मला आता नेहमी हे आठवतं.)

व्हॉल्व्ह म्हणजे काय ते ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली. मध्ये कॅथोड, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि बाहेरच्या प्लेटवर अडीचशे व्होल्ट असतात म्हणून तिकडे धावतात. जॉन फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञानी १९०४ ला एवढंच केलं होतं, एकाच दिशेनी करंट जातो म्हणून त्याचं नाव व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. मग १९०६ ला ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानी मध्ये तारेची एक जाळी, म्हणजे ग्रिड, घातली, आणि सगळं बदललं. जाळीवर थोडासा ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉनचा लोंढा अडतो, थोडा कमी केला की सुटतो. खडकवासल्याचा दरवाजा जसा माणूस एक बटण दाबून वरखाली करतो आणि खाली मुठा नदी फुगते, तसं. गाण्याचा इवलासा सिग्नल जाळीवर द्यायचा, आणि प्लेटवर मोठा घ्यायचा. बस.

मी ठरवलं की आजोबांच्या रेडिओचाच व्हॉल्व्ह धरून चालायचं. ईएल८४ दोन, डाव्या-उजव्याला एकेक. पुढे दोघांत मिळून एक ईसीसी८३, कारण एका काचेत दोन ट्रायोड (कॅथोड, जाळी आणि प्लेट एवढंच असलेले व्हॉल्व्ह) असतात त्यात. रेक्टिफायर ईझेड८१. चार काचा. दोन दोन ईएल८४ जोडून पुश-पुल केलं तर दहा-पंधरा वॅट मिळतात, सिंगल-एंडेडला, म्हणजे एका बाजूला एकच व्हॉल्व्ह ठेवला तर, पाच-सहाच, आणि मला बऱ्याच जणांनी पुश-पुलच कर असं सांगितलं. पण पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह एकमेकांचे सम हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर) खोडून टाकतात, आणि मला नेमके तेच हवे होते. का ते पुढे येईल.

मग खरेदी. तपकीर गल्लीत मी कॉलेजपासून जातेय, तिथे रेझिस्टर, कपॅसिटर, नऊ पिनांची सिरॅमिक सॉकेटं सगळं मिळालं, दुकानदारांनी "मॅडम, हे आता कोण नेतं" म्हणत मागच्या खोक्यातून काढून दिलं. व्हॉल्व्ह मात्र जुन्या बाजारात. रविवारी सकाळी लवकर जायचं, ऊन चढायच्या आत. तिथे जमिनीवर पसरलेल्या चादरीवर गंजलेले पाने, घड्याळं, पितळी समया यांच्यामध्ये रेडिओचे सांगाडे पडलेले असतात. व्हॉल्व्ह घेताना मी तीन गोष्टी बघते. काचेच्या आत वरच्या बाजूला चकचकीत आरशासारखा डाग असतो, त्याला गेटर म्हणतात, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह मेला, ठेवून द्यायचा. मग मीटर लावून फिलामेंट, ईएल८४ ची चार आणि पाच नंबरची पिन, थंड असताना दोनेक ओहम दाखवलं पाहिजे. आणि मग पिना, वाकलेल्या किंवा काळ्या पडलेल्या नकोत. एवढं करूनही घरी नेल्यावर काय निघेल ते नशीब. मी सात आणले, त्यातले चार चांगले निघाले. एका पाटीवर छोटं सर्किट केलं, कॅथोडला रेझिस्टर, आणि प्रत्येकाचा करंट मोजून त्यातल्या त्यात सारखे दोन निवडले.

पण खरी गोष्ट ट्रान्सफॉर्मरची आहे. व्हॉल्व्ह अँपबद्दल कोणी मला विचारलं की पैसे कुठे घालू, तर मी सांगते लोखंडात आणि तांब्यात घाला. व्हॉल्व्ह काय, काढून दुसरा लावता येतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकदा जो बसला तो बसला, आणि खर्ज तोच देतो किंवा तोच खातो.

बाहेरून मागवायचे तर जोडीची किंमत माझ्या सगळ्या बजेटच्या वर जात होती. शुक्रवार पेठेत एक काका आहेत, आयुष्यभर स्टॅबिलायझर आणि चार्जरचे ट्रान्सफॉर्मर वाइंड करत आलेले. दहा बाय आठची जागा, एक हातानी फिरवायचं मशीन, त्याला आकड्यांचा काउंटर, आणि वार्निशचा वास. मी कागदावर लिहून नेलं होतं. व्हॉल्व्हला ५ किलो-ओहम दिसले पाहिजेत, स्पीकर ८ ओहमचा, ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणून वेढे २५ ला १. प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांचे) दोन भाग करा, मध्ये सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) घाला, म्हणजे वरचे सूर मरणार नाहीत. काकांनी कागद उलटासुलटा केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "ताई, हे गाणं म्हणणार का मग?" मी म्हटलं हो. त्यांनी पेन्सिलीनी कोपऱ्यात लिहून ठेवलं, "गाण्याचा". आठ दिवसांनी दोन ट्रान्सफॉर्मर तयार, वाइंडिंग इतकं सुबक की एका वेढ्यावर दुसरा वेढा चढलेला नाही कुठे.

लावले. गाणं आलं. आणि आई म्हणाली, "खर्ज कुठाय?"

चूक माझी होती. काकांनी आयुष्यभर जसं केलं तसं स्टॅम्पिंग, म्हणजे इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या, भरलं होतं, एक ई इकडून, एक ई तिकडून, आयच्या पट्ट्या मध्ये मध्ये, गच्च. पॉवर ट्रान्सफॉर्मरला ते उत्तमच. पण सिंगल-एंडेडमध्ये व्हॉल्व्हचा सगळा डीसी करंट प्रायमरीतून एकाच दिशेनी वाहत असतो, चाळीसेक मिलिअँप, कायमचा. त्यानी लोखंड आधीच चुंबकानी भरून जातं, मग गाण्याच्या मोठ्या, संथ लाटांना जागाच उरत नाही. त्यासाठी सगळ्या ई एका बाजूनी घालायच्या, सगळ्या आय दुसऱ्या बाजूनी, आणि मध्ये कागदाची फट ठेवायची. हे मी वाचलं होतं, मला माहीत होतं, आणि मी काकांना सांगायचं विसरले. परत गेले तेव्हा काकांनी एक अक्षर न बोलता दोन्ही उकलले. गॅपला वहीची दोन पानं घातली. मग म्हणाले, "फट ठेवली की लोखंड श्वास घेतं, असं म्हणा की." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, आणि मी त्या दिवसापासून एअर गॅपला दुसरं काही म्हटलेलं नाही.

फट ठेवली की प्रायमरीचं इंडक्टन्स, म्हणजे खालचे सूर धरून ठेवायची ताकद, मात्र कमी होतं. मोजलं तर १० हेन्री भरलं. हिशोब मांडला. ईएल८४ हा मुळात पेंटोड, आत एकाऐवजी तीन जाळ्या असलेला; तसाच चालवला तर त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध ३८ किलो-ओहम, म्हणजे लोडच्या मानानी प्रचंड, आणि १० हेन्रीवर आवाज ७० हर्ट्झपासून उतरायला लागतो. ७० म्हणजे नेमका काळी एकचा खर्ज. मी रात्री साडेबाराला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हा आकडा काढला आणि बराच वेळ त्या ७० कडे बघत बसले.

दोन वाटा होत्या. अजून मोठा कोअर, अजून वेढे. किंवा व्हॉल्व्हची एक वायर हलवायची. ईएल८४ ची नऊ नंबरची पिन, म्हणजे दुसरी जाळी, स्क्रीन ग्रिड, ती सप्लायवरून काढून १०० ओहममधून प्लेटलाच जोडली की तोच पेंटोड ट्रायोडसारखा वागायला लागतो. अंतर्गत रोध ३८ किलो-ओहमवरून दोनेक किलो-ओहमवर येतो, आणि त्याच १० हेन्रीवर खालची मर्यादा ७० वरून २३ हर्ट्झपर्यंत जाते. किंमत द्यावी लागते ती ताकदीत. डेटाशीटप्रमाणे पेंटोडमध्ये ५.७ वॅट, ट्रायोडमध्ये १.९५. कॅथोडचा रेझिस्टर १३५ ओहम होता तो २७० केला. माझा स्पीकर आठ इंची फुल रेंज, एका वॅटला एका मीटरवर ९२ डेसिबल, म्हणजे दोन वॅटला ९५. दहा बाय बाराची खोली, ऐकणारी एक बाई, गाणं एका गळ्याचं. पुरे.

ती वायर हलवली त्या संध्याकाळी भीमसेनजींची एक जुनी मैफलीची रेकॉर्डिंग लावली. गाणं सुरू व्हायच्या आधीचा तो तंबोरे जुळवतानाचा भाग, खोकला, कोणीतरी सतरंजी सरकवतंय. आई पलंगावर पाय सोडून बसली होती. चौथी तार वाजली तसा तिचा उजवा हात मांडीवर जरासा हलला, चारही बोटं, तार छेडल्यासारखी. ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मधल्या काळात एक प्रकार झाला तोही सांगितला पाहिजे, कारण त्यात व्हॉल्व्ह जायचा. ईसीसी८३ च्या प्लेटवरून ईएल८४ च्या ग्रिडवर सिग्नल न्यायला जो कपलिंग कपॅसिटर लागतो तो मी हौसेनी आजोबांच्या रेडिओतला लावला होता. मेणाच्या कागदाचा, तपकिरी. वाटलं होतं, आजोबांचं काहीतरी यात असू दे. दहा मिनिटांत डाव्या ईएल८४ ची प्लेट लाल व्हायला लागली. फिलामेंटचा केशरी वेगळा, हा मंद, जखमेसारखा लाल. मी प्लग ओढला. कपॅसिटर जुना होऊन झिरपत होता, पलीकडचा धन दाब ग्रिडवर येत होता, जिथे शून्य असायला हवं तिथे मीटर ६ व्होल्ट दाखवत होतं, म्हणजे खडकवासल्याचा दरवाजा अर्धा उघडाच राहिलेला. जुन्या रेडिओतले कागदी कपॅसिटर कधीही, कशातही लावू नका. त्या जागी तपकीर गल्लीतला ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलीप्रॉपिलीन लावला, चहा-क्रीमरोलच्या पैशात येतो. नंतर एका मित्रानी त्याचे परदेशी ऑइल-पेपरचे कपॅसिटर दिले ऐकायला, त्यांच्या किमतीत माझा एक ट्रान्सफॉर्मर झाला असता. एका बाजूला ते, एका बाजूला माझे, आईला न सांगता ऐकवले. दोनदा अदलाबदल केली. ती म्हणाली, "तेच आहे गं, काय बदललंस?" मी ते परत दिले.

आजोबांचं काहीतरी असावं म्हणून मग त्यांचा ईएल८४ ठेवला. तो चांगला आहे अजून, उजव्या बाजूला.

गुणगुणीचं पुढे काय झालं ते राहिलं. आईनी वरच्या सप्तकातला चरचरीत म्हटल्यावर मी सरळ अर्थिंग बघायला घेतलं. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून पहिल्या फिल्टर कपॅसिटरपर्यंतची जी वायर असते, तिच्यातून कपॅसिटर भरणाऱ्या करंटचे धक्के जातात, सेकंदाला शंभर. मी सिग्नलचं अर्थ त्याच वायरच्या मध्यावर जोडलं होतं. तिथून काढून चोकच्या (फिल्टरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या) पुढच्या, दुसऱ्या कपॅसिटरच्या पायाशी नेलं, आणि गुणगुण गेली. राहिलेली थोडी ५० ची फिलामेंटच्या वायरी घट्ट पिळून आणि दोन्ही टोकांवरून १००-१०० ओहम अर्थला देऊन घालवली. ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचे ते तर भोकं पाडायच्या आधीच हेडफोन लावून ठरवलं होतं. आउटपुटवाल्याला हेडफोन जोडायचा, फक्त पॉवरवाला चालू करायचा, आणि एकाला दुसऱ्याभोवती फिरवत जायचं, एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, तिथे पेन्सिलीची खूण.

हे करणार असाल तर एक सांगते आणि अगदी कळकळीनी सांगते. आत साडेतीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. त्यांच्यावर २२० किलो-ओहमचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, म्हणजे दोनेक मिनिटांत ते रिकामे होतात, आणि तरीही मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालू नका, आणि घालाल तेव्हा एकच हात, दुसरा मागे. आणि घरातल्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग खरंच आहे का ते आधी बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये भोकं तीन होती, वायर दोनच आल्या होत्या. इलेक्ट्रिशियन बोलावून ते नीट करून घेतलं, त्याशिवाय धातूची चेसिस मी चालूच केली नाही.

चेसिसचा वरचा पत्रा तांब्याचा आहे. कसब्यात तांबट आळीत नेला होता, तिथे अजूनही दुपारी गेलं की दोन-तीन घरांतून ठोके ऐकू येतात. सॉकेटांची भोकं मी आधी पाडून घेतली होती, त्यांनी त्यावर मठारकाम करून दिलं, प्रत्येक ठोक्याची खूण शेजारच्या खुणेला टेकलेली. व्हॉल्व्ह पेटले की त्या प्रत्येक खळग्यात एकेक केशरी ठिपका दिसतो.

आता ते सम हार्मोनिकचं. तंबोऱ्याची तार नुसत्या घोडीवर ठेवली तर बोथट वाजते. घोडीला बारीक उतार देतात, आणि तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवतात. एका ठिकाणी दोरा आला की तार उमलते, म्हणजे ती उतारावर पुन्हा पुन्हा टेकत जाते आणि त्यातून वरचे स्वर झरायला लागतात. ती जवारी. दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम, पाचपट म्हणजे गंधार, जो कोणी छेडत नाही आणि तरी ऐकू येतो. सिंगल-एंडेड ट्रायोड जेव्हा सिग्नल वाकवतो तेव्हा तो मुख्यतः दुप्पट कंपनांचा स्वर मिळवतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत ते डिस्टॉर्शन आहे, दोष आहे, आणि मी इंजिनिअर आहे, मला ते नाकारायचं नाही. पण तो जो दोष आहे तो षड्जाला षड्जच जोडतो. पुश-पुलमध्ये तो खोडला जातो आणि राहतो तो तिप्पट. म्हणून मी सिंगल-एंडेड घेतला.

याला मर्यादा आहे आणि ती मी ऐकलीय. एक गळा, एक तंबोरा, फार तर पेटी आणि तबला असेल तोवर हे सुंदर लागतं. पन्नास वाद्यांचा ताफा लावला आणि आवाज चढवला की तोच व्हॉल्व्ह प्रत्येक स्वराची दुसऱ्या प्रत्येक स्वराशी बेरीज-वजाबाकी करायला लागतो, आणि त्या बेरजा कुठल्याच रागात बसत नाहीत. सगळं गढूळ पाणी होतं. ज्यांना ते ऐकायचंय त्यांनी दुसरा अँप करावा. मी हा आईसाठी केला.

सगळं झालं, महिनाभर वाजला, आणि मग आई एक दिवस म्हणाली, "उजवीकडची जवारी जरा जास्त खुली आहे."

मला ऐकू येत नव्हतं. मी डावे-उजवे व्हॉल्व्ह बदलले. तशीच आहे म्हणाली. उजवा कपलिंग कपॅसिटर बदलला, कॅथोडचा बदलला, ग्रिडचे रेझिस्टर पुन्हा डाग देऊन घेतले, सॉकेटच्या पिना घट्ट केल्या. स्पीकरच डावा उजवीकडे केला. प्रत्येक वेळी ती ऐकायची आणि प्रामाणिकपणे सांगायची, "नाही गं, आहे अजून. मोठ्या आवाजात नाही कळत, खर्ज छेडला की मागून येते." पंधरा दिवस गेले. मी तिला म्हटलंही एकदा, आई, वय झालं की एका कानाला असं होतं कधीकधी. ती गप्प बसली. ते बोलले याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका रविवारी वाइंडिंगवाले काका आले. मी बोलावलं होतं, तुमचे ट्रान्सफॉर्मर वाजताना ऐकायला या म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून आले, आईला "नमस्कार बाई" म्हणाले, आईनी पोहे केलेले होते. अँपसमोर बसले तेव्हा आधी बराच वेळ तांब्याकडेच बघत होते. मी तंबोऱ्याची रेकॉर्डिंग लावली, नुसता तंबोरा, गाणं नाही. काकांनी ऐकता ऐकता डाव्या ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. गरम होतोय का बघत असतील असं मला वाटलं. थोड्या वेळानी हात उचलून उजव्यावर ठेवला, आणि तसाच ठेवला. खर्ज आला. परत खर्ज आला.

"ताई," ते म्हणाले, "याची पट्टी सुटीये. वाजतीये बघा. हाताला लागते." आणि मग आईकडे बघून, "तुम्हाला ऐकू येत असेल."

"पंधरा दिवस सांगतेय," आई म्हणाली.

दुसऱ्यांदा स्टॅम्पिंग भरताना उजव्याचा क्लॅम्प एका कोपऱ्यात पुरता आवळला गेला नव्हता. फटीपाशीच्या एकदोन आय मोकळ्या राहिल्या होत्या, आणि खर्जाच्या प्रत्येक झोक्याबरोबर त्या लोखंडातच थरथरत होत्या. स्पीकरमधून काही येत नव्हतंच, जवारी त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होती. म्हणून मी स्पीकर बदलला तरी ती उजवीकडेच राहिली.

"आधी बंद करा," काका म्हणाले. मी बंद केला, दोन मिनिटं थांबले, मीटर लावून शून्य बघितलं. त्यांनी खिशातून छोटा पाना काढला, बहुतेक कायम खिशातच असतो, आणि खालचा बोल्ट अर्धा फेरा आवळला, मग समोरचा, मग परत पहिला पाव फेरा, हातानी अंदाज घेत, जशी आई पूर्वी मणी सरकवायची तसा. वार्निशची बाटली उद्या घेऊन येतो म्हणाले, कडेनी थोडं सोडू.

आई पलंगावरून म्हणाली, "लाव आता."